दगडावरची सहा मिनिटं

नारायण पेठ

शेळी चार मिनिटं नुसती उभी होती. मी घड्याळ लावून मोजलं.

“नंदू, गप्प बस,” ताई म्हणाली.

मी एक अक्षर बोललो नव्हतो. पण माझ्या तोंडावरून तिला सगळं कळतं, इतकी वर्षं मुख्याध्यापिका होती ती. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत किती शेळ्यांना लस टोचली त्याची गणती नाही, पण एकाही शेळीकडे चार मिनिटं बिनकामाचं पाहिल्याचं मला आठवत नाही. आणि इथे भर दुपारी दोन वाजता, अख्खी पेठ वामकुक्षीत असताना, माझी अडुसष्ट वर्षांची बहीण नॉर्वेतली शेळी बघत बसली होती आणि मला हसायचीही परवानगी नव्हती.

तिकडच्या एका वाहिनीने केलेली ती दहा भागांची मालिका. निवेदन नाही, संगीत नाही, मुलाखत नाही. गुनवोर नावाची एक म्हातारी उन्हाळ्याचे तीन महिने डोंगरावरच्या लाकडी घरात चौदा शेळ्या घेऊन राहते. दूध काढते, चीज करते, लाकडं फोडते. संपला भाग. बाई पहिल्या भागापासून दहाव्या भागापर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. ताईच्या नातवाने एकदा गंमत म्हणून ही मालिका टीव्हीवर लावून दिली आणि ताईने ती सोडलीच नाही. भाऊजी गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. दहावा भाग संपला की पुन्हा पहिला.

तिचा सगळ्यात आवडता प्रसंग सातव्या भागात होता. संध्याकाळी गुनवोरबाई घरामागच्या एका मोठ्या दगडावर चढतात आणि पलीकडच्या डोंगराकडे बघत उभ्या राहतात. सहा मिनिटं. वारा सुटलेला, पदर म्हणावा तसा एप्रन फडफडतोय, बाई स्तब्ध.

“बघ,” ताई म्हणायची, “किती शांत आहे. एकटी आहे, पण काही कमी नाही तिला.”

भाऊजी असताना ते दोघं रोज सकाळी मोठ्याने बुद्धवंदना म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या लोकांना त्यावरून पावणेसात वाजल्याचं कळायचं. भाऊजी गेले आणि ताई मनातल्या मनात म्हणू लागली. घरातला आवाजच गेला. मी येरवड्यात राहतो, म्हणजे फार लांब नाही, पण आठवड्यातून एकदा फोन, महिन्यातून एकदा चक्कर, यापलीकडे मी काही केलं नाही. त्याची मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटत नव्हती, हे खरं आहे.

तिचा मुलगा अमोल खराडीत चौदाव्या मजल्यावर राहतो. पोरगा गुणी. आईसाठी वेगळी खोली ठेवलेली, खोलीला बाल्कनी, बाल्कनीत तुळस लावून ठेवलेली, जी आमच्याकडे कधीच नव्हती. पेठेतल्या घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि ऑगस्टअखेर काय ते सांगायचं होतं. अमोलचं म्हणणं एकच: “आई, एकटीने कशी राहणार तू?” टीव्हीकडे बोट दाखवून ‘ती राहते ना’ असं मुलाला सांगता येत नाही.

मी मात्र स्पष्ट बोललो. “ताई, टीव्हीवाल्यांचं काय खरं असतं? कॅमेऱ्यामागे दहा माणसं असतील, जेवणाचे डबे येत असतील. शूटिंग संपलं की म्हातारी गाडीत बसून शहरातल्या फ्लॅटवर.”

ताईने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “जाऊन बघू. ती खरंच तशी राहत असेल तर मीही इथेच राहीन. नाटक असेल तर घर विकून अमोलकडे जाते. सुंठीवाचून खोकला गेला.”

मला वाटलं, रागाने बोलतेय. पण ताईची एक जुनी विद्यार्थिनी ऑस्लोला नोकरी करते. तिने वाहिनीला लिहिलं, वाहिनीने ते पत्र पुढे पाठवलं आणि महिन्याभराने पेठेत पोस्टकार्ड आलं: सप्टेंबरपर्यंत डोंगरावर आहे, या. आमच्या सौभाग्यवतींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी शेळ्या बघायला नॉर्वेला येणार नाही. तुमच्या अंगाला येणारा वास जन्मभर सोसला तेवढा पुरे.” तेव्हा भाऊ-बहीणच निघालो.

दरीत

विमान, विमानतळ, रांगा, हे सगळं सोडून देतो. सगळ्यांचं सारखंच असतं.

ऑस्लोहून आगगाडी आणि मग बस. आगगाडीत लोक इतके गप्प की ताईने दशम्यांचा डबा उघडला त्याचा आवाज अख्ख्या डब्याने ऐकला. बाहेर मात्र बघत राहावं असं होतं. हिरव्या उतारांवर तांबडी लाकडी घरं, एका घराची हाक दुसऱ्याला जाणार नाही इतकी लांब, आणि कापलेलं गवत तारांच्या कुंपणावर धोतर वाळत घालावं तसं घातलेलं. मी खात्यातला माणूस, मला त्या गवताचा हेवा वाटला. गावाचं नाव सांगत नाही. बाईंनी नंतर तशी अटच घातली, आणि का घातली तेही कळेल.

स्टॉपवर गुनवोरबाईंचा भाचा टेर्ये घ्यायला आला होता. पन्नाशीचा, उंच, शेती करतो आणि शाळेची बस चालवतो. इंग्रजी चांगलं, पण वापर काटकसरीने. बारा किलोमीटरच्या रस्त्यात तो एकदाच बोलला, “उजवीकडे नदी आहे.” ती दिसतच होती.

त्याच्या शेताच्या फाटकावर पाटी होती. ताईने अर्थ विचारला. “फाटक लावा,” टेर्ये म्हणाला. ‘कृपया’ कुठे आहे, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या भाषेत तसा शब्दच नाही. ताईला फार बरं वाटलं. सातासमुद्रापलीकडे येऊन माणूस सदाशिव पेठेत पोचला.

मावशी वर आहे, तो म्हणाला. वर म्हणजे डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यावर, त्याला ते ‘सेटर’ म्हणतात. तीन तासांची चढण, रस्ता नाही. आम्ही खालच्या घरी उतरलो. टेर्येने टेबलावर कॉफीची किटली ठेवली, शेजारी गरम व्हाफलची, म्हणजे जाळीदार गोड धिरड्यांची, चळत.

“कॉफी?” त्याने विचारलं.

“नको नको, आत्ताच झाली,” मी म्हणालो. आत्ताच काय, सकाळपासून पोटात दीड दशमी होती.

त्याने मान हलवली, स्वतःला कप भरला आणि प्यायला लागला.

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. “व्हाफल?” त्याने विचारलं. मी उरलीसुरली आशा धरून म्हणालो, “अहो, कशाला त्रास.” त्याने व्हाफलवर फडकं टाकलं आणि ताटली कपाटात ठेवली. आम्हा पुणेकरांना ‘चहा घेऊनच आला असाल’ म्हणून जग हसतं. पण आम्हीसुद्धा दोनदा विचारतो हो.

“आता त्याने विचारल्यावर मीच उत्तर देईन,” खोलीत गेल्यावर ताई म्हणाली. “तू तोंड उघडू नकोस.”

तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी ती अंघोळीला गेली असताना टेर्ये दारात आला. म्हणाला, “उद्या सहाला मी वर जातोय, मीठ आणि पीठ पोचवायला. तुम्ही दोघं येणार का? मावशीने विचारायला सांगितलंय.”

आता आम्ही ज्यासाठी अर्धं जग ओलांडून आलो ते हेच. पण तोंडाला वळण पडलेलं असतं. “छे छे, तुम्हाला उगीच त्रास. आम्ही काय, इथेही मजेत आहोत.”

“बरं,” तो म्हणाला आणि गेला.

मी निर्धास्त होतो. सकाळी पुन्हा विचारेलच. ताईला सांगितलं, उद्या सहाला निघायचंय. बूट दाराशी काढून ठेवले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, गजर लावला.

दोन कप

सकाळी सहा-दहाला आम्ही स्वेटर घालून, टोप्या घालून अंगणात उभे होतो. टेर्ये नव्हता. साडेपाचलाच उठून, सहाच्या ठोक्याला गेला असणार, कारण फाटक नीट लावलेलं होतं.

“त्याने नक्की काय विचारलं?” ताईने विचारलं.

मी सांगितलं.

“आणि तू काय म्हणालास?”

तेही सांगितलं. ताई पायरीवर बसली. ती ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही. “नंदू,” ती म्हणाली, “तुला सगळ्या जन्मात माझ्यासाठी एकदा ‘हो’ म्हणायचं होतं.”

हे मला लागलं. ते शेताबद्दल, डोंगराबद्दल नव्हतं, हे मला कळत होतं. शुक्रवारी दुपारची आमची परतीची बस होती आणि हा बुधवार. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. मी टेर्येच्या गोठ्यात जाऊन त्याची वासरं तपासली. वासरं ठणठणीत होती, तिथेही माझं काही काम नव्हतं.

टेर्ये संध्याकाळी परत आला. मी फाटकातच त्याला गाठलं आणि सांगून टाकलं की आम्हाला जायचं होतं, जायचंच होतं.

“पण तुम्ही नाही म्हणालात,” तो म्हणाला. रागाने नाही, चुकीची बस पकडलेल्या मुलाला सांगावं तसं.

मग मी त्याला समजावलं. आमच्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतो, तो नमस्कार असतो. दुसरा ‘नको’ जरा मऊ. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’. टेर्येने हे पूर्ण लक्ष देऊन ऐकलं. मग त्याने विचारलं, “आणि तुम्हाला खरंच नाही म्हणायचं असेल तर काय म्हणता?”

“तेव्हा आम्ही ‘बघू’ म्हणतो.”

त्याने पाठीवरची रिकामी पिशवी उतरवून फाटकाला अडकवली. “मावशीने दोन कप काढून ठेवले होते,” तो म्हणाला. “मी सांगितलं, ते नको म्हणाले. तिने परत ठेवले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या त्याला गवत कापायचं होतं, तो पुन्हा येऊ शकत नव्हता. पण वाट सोपी आहे म्हणाला, दगडांवर लाल खुणा आहेत, त्या धरून जायचं. “जाणार का?” त्याने विचारलं.

“हो,” ताई दारातून म्हणाली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

वर

ताई रोज सकाळी पर्वती चढते. मी पर्वती रोज लांबून बघतो. तेव्हा पुढे ती, मागे मी, अशी वरात निघाली. आधी देवदारासारखी झाडं, मग बुटकी भुर्जं, मग झाडंच नाहीत, नुसतं झुडूप आणि दगड. जमिनीला लागून निळ्या-काळ्या बोरांसारखी फळं होती. ती खात खात वर जायचं, कुणी हटकत नाही. आपल्याकडे एवढी फळं उघड्यावर असती तर पहिल्याच वळणावर टोपलीवाली बसली असती.

लाल खुणा सोडून मी एकदा जवळची वाट शोधली. मला खात्री होती. हिरवंगार सपाट मैदान दिसलं म्हणून पाय ठेवला तो गुडघ्यापर्यंत आत. दलदल होती. ताईने माझा हात ओढून मला बाहेर काढलं, माझा बूट आतच राहिला, तोही तिनेच काठीने काढला. “खात्यात असताना जनावरं अशीच रुतायची ना रे?” ती म्हणाली. आदल्या दिवसापासूनचं तिचं हे पहिलं सरळ वाक्य. मी चिखलासकट खूश झालो.

तिसऱ्या तासाला ताई मंदावली. दमली नव्हती. “आता घर येईल,” ती म्हणाली, “हळू चल, पाय वाजवू नकोस.” विहारात शिरताना बोलतो त्या आवाजात म्हणाली. तिला ती शांतता आधी ऐकायची होती.

चढ संपला आणि आम्हाला पहिल्यांदा ऐकू आला तो रेडिओ.

फुल्ल आवाजात. कसलंसं नाचाचं गाणं, त्यात अकॉर्डियन. आणि त्या गाण्याच्या वर चढलेला एका बाईचा आवाज, कुणाला तरी सडकून बोलत होता. वळणावरून पुढे गेलो तर तेच घर, तेच गवत उगवलेलं छप्पर, तोच लाकडाचा ठोकळा. आणि गुनवोरबाई हातात बादली घेऊन एका शेळीची खरडपट्टी काढत होत्या.

आम्हाला बघून त्यांनी बादली खाली ठेवली. “आलात? काल का नाही आलात? मी व्हाफल केले होते. सगळे मीच खाल्ले, रात्री पोट दुखलं.” तरुणपणी त्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण होत्या, त्यामुळे इंग्रजी फर्डं आणि थोडं खलाशी. आम्ही बूट काढेपर्यंत त्यांनी आम्हाला हवामान, गुडघा, टेर्येचं न झालेलं लग्न आणि काळ्या शेळीचा स्वभाव एवढं सांगून टाकलं होतं.

ताई उंबऱ्यातच उभी राहिली. “तुम्ही,” ती म्हणाली, “तुम्ही त्या मालिकेत बोलत नाही.”

“बोलू देतील तर ना.” गुनवोरबाईंनी कॉफी ओतली. “अकरा दिवस माझं तोंड बंद केलं होतं. रेडिओ बंद, कारण गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे नव्हते. मी बोलले की तो आवाजवाला कानावरचं यंत्र काढून म्हणायचा, गुनवोर, नुसता श्वास घे. लोकांना शांतता हवी आहे म्हणे. शेळ्यासुद्धा बावरल्या. दूध आटलं.”

हे शास्त्राला धरून आहे. नेहमीचा आवाज गेला की जनावर पान्हा चोरतं. मी तसं म्हणालो, तर बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

ताई मात्र कॉफीचा कप तसाच ठेवून बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो. ती त्याच दगडाशी बसली होती, सातव्या भागातल्या. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. टीव्हीवाल्यांचं काय खरं असतं, हे मी आधीच सांगितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. दोन वर्षं ती त्या शांततेला धरून बसली होती आणि ती शांतता कुणीतरी यंत्राने कापून काढलेली निघाली.

“चल, ठरलं मग,” ती म्हणाली. “अमोलला फोन करून सांगते. घर देऊन टाक म्हणावं.”

मी तिच्या शेजारी टेकलो. तेवढ्यात बाई दारातून ओरडल्या की ढवळायला माणूस हवाय.

सहा वाजता

चीज काढून झाल्यावर उरतं ते पाणी मोठ्या कढईत तासन्‌तास आटवायचं, आणि ढवळणं थांबवायचं नाही. थांबलात की लागलं. शेवटी तपकिरी गोळा होतो, त्याला ते चीजच म्हणतात. चव सांगायची तर साताऱ्याच्या कंदी पेढ्यात चिमूटभर मीठ पडलं आणि कुणी ते कबूल करत नाहीये, अशी. गुनवोरबाईंनी लाकडी उलथणं ताईच्या हातात दिलं. विचारलं नाही, दिलं.

ताई ढवळत राहिली, बाई बोलत राहिल्या. रेडिओ दोघींच्या वर बोलत राहिला. मी आमची शेंगदाण्याची चटणी काढली. बाईंनी ती तपकिरी चीजवर पसरून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि बरणी स्वतःच्या कपाटात ठेवली. मी ‘राहू द्या तुम्हालाच’ म्हणणार होतो, पण त्याची गरज नव्हती.

पाच-पंचावन्नला त्यांनी एप्रनला हात पुसले, खिशात मोबाइल टाकला आणि बाहेर पडल्या. आम्ही खिडकीतून पाहिलं. बाई दगडावर चढल्या. तोच दगड, तोच डोंगर समोर. ताईचं ढवळणं थांबलं. उलथणं मी घेतलं.

बरोबर सहाला बाई फोनवर जोरजोरात बोलायला लागल्या. वीस मिनिटं बोलल्या. खाली उतरल्यावर ताईने विचारलं, “कोण?”

“बोर्गहिल्ड. ते समोर दिसतंय ना छप्पर, पलीकडच्या उतारावर? तिचं सेटर. फोनला रेंज फक्त या दगडावर येते.”

“काय बोललात एवढं?”

“काही नाही. ती म्हणाली तिचा डावा गुडघा दुखतो, मी म्हणाले माझा उजवा. मग थोडं भांडलो.” बाईंनी कढईत डोकावून बघितलं, मी नीट ढवळतोय याची खात्री केली. “रोज सहाला. एक दिवस ती करते, एक दिवस मी. सव्वासहापर्यंत फोन आला नाही तर दुसरीने चालायला लागायचं.”

“चालायला?”

“दरीत उतरायचं आणि वर चढायचं. दोन तास. मी एकदा पाय मोडून गोठ्यात पडले होते, तेव्हा ती आली. एकदा मी गेले, तर ही आपली झोपलेली.”

ताई हळूच म्हणाली, “तुम्ही त्या दगडावर उभ्या असता, टीव्हीत. सहा मिनिटं. शांतपणे डोंगराकडे बघत.”

गुनवोरबाई कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. “शांतपणे? अहो, त्या लोकांना तो उजेड हवा होता. फोन खिशात ठेव म्हणाले, उजेड जाईपर्यंत लावू नकोस. सव्वासहा वाजून गेले. माझ्या डोक्यात एकच, ती म्हातारी आता निघाली असेल. आणि निघालीच होती. साडेआठला काठी घेऊन इथे उगवली आणि त्या दिग्दर्शकाला अशा शिव्या घातल्या की मीसुद्धा काही नवीन शिकले. ते नाही दाखवलं त्यांनी. म्हणूनच सांगते, गावाचं नाव कुणाला सांगू नका. ती मालिका बघून लोक शांतता बघायला येतात आणि मला बोलू देत नाहीत.”

ताईसुद्धा हसली. आधी तोंडावर पदर धरून आणि मग तो सोडून. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर तिने तो प्रश्न विचारला, जो घेऊन ती आली होती. “तुम्ही एकट्या कशा राहता?”

गुनवोरबाईंना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यांनी खिडकीतून समोरच्या छपराकडे बोट केलं. “मी एकटी कुठे आहे? मी लांब राहते.”

रात्री आम्ही माळ्यावर झोपलो. सकाळी मला जाग आली ती आवाजाने. रेडिओचा नव्हता. ताई अंगणात उभी राहून वंदना म्हणत होती, मोठ्याने, भाऊजींबरोबर म्हणायची तशी. गुनवोरबाई दूध काढत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, ऐकलं, आणि दूध काढत राहिल्या. शेळ्यांनी पान्हा चोरला नाही, हे मी स्वतः तपासलं.

निघताना बाईंनी विचारलं, “आणखी कॉफी?” मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “हो. त्यालाही द्या.”

पुन्हा पेठेत

अमोल रविवारी आला. जेवणं झाली, ताईने आणलेलं तपकिरी चीज त्याने तोंडात टाकलं आणि सभ्यपणे रुमालात काढलं. मग विषय निघाला.

“आई, मग घराचं काय सांगू त्यांना?”

“नाही म्हणून सांग.”

अमोल समजुतीने हसला. आमचाच पोरगा, आमच्याच वळणाचा. “बरं, तू सावकाश विचार कर. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतो.”

“अमोल,” ताई म्हणाली, “एकदा विचारलंस, एकदा सांगितलं. तुझ्याकडे दर महिन्याला चार दिवस येईन. खोली ठेव. पण घर हे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मामाने मध्यस्थी करावी म्हणून. “आणि ही एकटी पडली, काही झालं, तर?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरी भीती होती.

ताईसुद्धा माझ्याकडेच बघत होती. “नंदू,” तिने विचारलं, “रोज सहाला फोन करायचा. एक दिवस तू, एक दिवस मी. जमेल?”

जिभेवर ‘बघू’ आला होता. मनात मुळीच नव्हता, नुसता सवयीने आला होता. मला तो पायरीवरचा बुधवार आठवला.

“हो,” मी म्हणालो.

तेव्हापासून आम्ही रोज बोलतो. काय बोलतो विचारू नका. तिच्या भाजीवाल्याने तिला कसं फसवलं, माझ्या बायकोचा गुडघा, थोडं भांडण. परवा तिची पाळी होती. सहा वाजले, फोन नाही. सहा-पाचला मी केला, उचलला नाही. सहा-दहाला पुन्हा केला. सव्वासहाला मी चपला घातल्या.

येरवड्याहून नारायण पेठ, तीही संध्याकाळी. बंडगार्डनच्या पुलावर रिक्षा हलेना. तिथेच उतरून मी चालायला लागलो. आयुष्यात इतका भरभर कधी चाललो नसेन. वाटेत तिचा पाय मोडला, तिला चक्कर आली, तिचं सगळं काही झालं. मी भाऊजींचीसुद्धा माफी मागून घेतली.

जिन्यातच मला ऐकू आला तो रेडिओ. फुल्ल आवाजात. दार उघडंच होतं. ताई ओट्याशी उभी राहून दूध आटवत होती, डावीकडे फोन उपडा पडलेला, आणि रेडिओवर जो कोणी बोलत होता त्याच्याशी ती तावातावाने वाद घालत होती.

तिने वळून मला पाहिलं. घामाने निथळणारा, धापा टाकणारा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसात होऊन गेले होते. तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

“चालत आलास?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

तिने डोळे पुसले, पदरानेच, आणि फडताळातून दोन कप काढले. “चहा टाकू?”

“टाक,” मी म्हणालो.